पॉडकास्टच्या आत दडलेली फाइल: फीड आलं कुठून?

नमस्कार. पॉडकास्ट ऐकता ना? मग सांगा, नवा भाग आलाय हे तुमच्या ॲपला कोण कळवतं? कुणीच कळवत नाही. ॲप, किंवा त्याच्यामागचा सर्व्हर, स्वतः जाऊन विचारून येतो. कार्यक्रमवाल्यांनी वेबवर एक मजकुराची फाइल ठेवलेली असते. भागाचं नाव, तारीख, थोडं वर्णन, ऑडिओचा पत्ता, एवढंच तिच्यात असतं. अशा फाइली वाचणाऱ्या ॲपला रीडर म्हणतात. रीडर ती ठरावीक वेळाने तपासतो. काही बदललं नसेल तर सर्व्हर 304 हा आकडा परत पाठवतो, म्हणजे ‘नवीन काही नाही’. बदललं असेल तर रीडर नवीन नोंदी उचलतो. ही फाइल म्हणजे फीड.

आता मागे जाऊ. 1995 मध्ये ॲपलच्या संशोधन विभागात रामनाथन गुहा एका प्रश्नावर काम करत होते: वेबसाइटवर काय आहे, हे यंत्राला कळेल असं कसं लिहायचं? त्यातून मेटा कंटेंट फ्रेमवर्क आलं. पुढे गुहा नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत गेले. त्याच काळात सगळ्यांना वेगळंच वेड लागलं होतं, माहिती वाचकाच्या संगणकावर ढकलण्याचं. पॉइंटकास्ट स्क्रीनसेव्हरवर बातम्या दाखवायचं, आणि कंपन्यांची नेटवर्कं त्या भाराने कुरकुरायची. 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही ‘चॅनल’साठी स्वतःचा एक साचा आणला. ती लाट ओसरली.

टिकलं ते मार्च 1999 मधलं काम. ‘माय नेटस्केप’ या पानावर वाचकाला आपल्या आवडीच्या साइट्सचे मथळे लावता यावेत, म्हणून नेटस्केपचे डॅन लिबी आणि गुहा यांनी आरएसएस 0.90 तयार केलं. आरएसएस म्हणजे फीड लिहिण्याचा साचा. त्याचा पाया होता आरडीएफ, म्हणजे कशाचं कशाशी काय नातं आहे ते काटेकोर मांडायची पद्धत. चार महिन्यांत लिबींनी 0.91 आवृत्ती काढली आणि आरडीएफ वगळलं. यूजरलँड या सॉफ्टवेअर कंपनीचे डेव्ह वायनर 1997 पासून स्वतःचा एक साचा चालवत होते; त्यातले काही भाग लिबींनी 0.91 मध्ये घेतले. मग नेटस्केपचा यातला रस संपला, आणि साचा बेवारस झाला.

इथून खरी गोष्ट सुरू होते. डिसेंबर 2000 मध्ये एका गटाने आरएसएस 1.0 जाहीर केलं आणि आरडीएफ परत आणलं. त्या गटात ॲरन स्वार्ट्झ होता, वय वर्षं 14. त्याच महिन्यात वायनर यांनी 0.92 काढलं, सोपं आणि आरडीएफशिवाय. म्हणजे आकड्याने मोठी असलेली आवृत्ती लहान आवृत्तीची पुढची पायरी नव्हतीच, ती दुसरीच वाट होती! अक्षरं तीच, अर्थ तीन: आधी ‘आरडीएफ साइट समरी’, मग ‘रिच साइट समरी’, आणि सप्टेंबर 2002 मध्ये वायनर यांच्या आरएसएस 2.0 सोबत रुळलेलं ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’.

हे भांडण अहंकाराचं होतं असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही. प्रश्न खरे होते. मथळ्यात एचटीएमएलची, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेची, खूण आली, तर ती अक्षरं म्हणून दाखवायची की तिचा परिणाम घडवायचा? आरएसएसमध्ये याचं पक्कं उत्तर नव्हतं, त्यामुळे प्रत्येक रीडर आपापला अंदाज बांधायचा. 2003 मध्ये सॅम रूबी यांनी पहिल्यापासून नीट लिहिण्याचं काम सुरू केलं. त्यातून ॲटम तयार झालं, आणि डिसेंबर 2005 मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ते आरएफसी 4287 या दस्तऐवजात प्रसिद्ध केलं. ॲटममध्ये मजकूर कोणत्या प्रकारचा आहे ते लिहिण्याची सोय आहे, आणि प्रत्येक नोंदीला कायमची ओळख लागतेच. माझ्या मते साचा म्हणून ॲटम सरस आहे.

पण जग जिंकलं ते आरएसएसने, आणि तेही 0.92 मधल्या एका छोट्या खुणेमुळे. एनक्लोजर. नोंदीला फाइल जोडायची, तिचा पत्ता, आकार आणि प्रकार सांगायचा. ॲडम करी आणि वायनर यांनी तिच्यावरून ऑडिओ पोचवून दाखवला. जून 2005 मध्ये ॲपलच्या आयट्यून्स या ॲपने पॉडकास्ट घेतले, आणि आरएसएस हे नाव कधीच न ऐकलेले लोकही रोज आरएसएस वापरू लागले.

फीडची मला सगळ्यात भावणारी गोष्ट त्या जुन्या ओढाताणीतूनच आली: साचा कुणा एकाच्या हातात उरला नाही. 1 जुलै 2013 ला गूगलचा फीड वाचायचा ॲप, गूगल रीडर, बंद झाला, तेव्हा वाचक हळहळले. पण आपल्या फीड्सची यादी ओपीएमएल या याद्यांसाठीच्या साच्यातल्या फाइलमध्ये उतरवून घेऊन ती दुसऱ्या रीडरमध्ये टाकता येत होती. फीड्स जागच्या जागीच होती. कुणाचं वाचायचं ही यादी वाचकाची, आणि कुणी मध्ये बसून क्रम लावत नाही.

2018 च्या अखेरीस फायरफॉक्स ब्राउझरनेही आपली फीडची सोय काढली, त्यामुळे फीडचं ते नारिंगी चिन्ह आता क्वचित दिसतं. तरी फीड असतं. एखाद्या साइटचा पत्ता कुठल्याही फीड रीडरमध्ये टाका. पानाच्या कोडमध्ये फीडचा पत्ता दिलेला असेल, तर रीडर तो आपणहून शोधून काढतो. नाही सापडला, तर पानाच्या सोर्समध्ये आरएसएस किंवा ॲटम हा शब्द शोधून बघा.