थायरॉइडची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि मधले चार तास

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी उठल्याउठल्या अनशापोटी थायरॉइडची गोळी घेणारे तुमच्यातले बरेच जण असतील. त्यातल्या पुष्कळांच्या घरात हाडांसाठी कॅल्शियम असतं, कुणाकडे गुडघ्यांची एखादी कॅप्सूल असते, कुणाकडे केस, नखं आणि सांधे या सगळ्यांसाठी म्हणून आणलेला एक मोठा डबा असतो. आजचं बोलणं तुमच्याशी आहे. मी फार्मासिस्ट आहे. काउंटरमागे उभं राहून चिठ्ठ्या वाचण्यात माझा दिवस जातो, आणि या दोन प्रकारच्या गोळ्या एकाच पिशवीतून घरी जाताना मी रोज बघते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते. मध्येच दाराची बेल वाजली आणि तुम्हाला उठावं लागलं, तर एवढं तरी कानावर पडलेलं असावं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात चार तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी असेल तरी चार तास. ज्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह किंवा कॅल्शियम आहे, त्यालाही चार तास. नाश्त्याआधी अर्धा ते एक तास थांबायचं, हे तुम्हाला माहीत आहेच, पण तो नियम खाण्याचा आणि चहा-कॉफीचा. कॅल्शियमचा नियम वेगळा. कॅल्शियमला चार तास.

का, ते थोडक्यात सांगते. थायरॉइडच्या गोळीत थायरॉक्सिन असतं, आणि ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. अगदी कणभर. कॅल्शियमच्या एका नेहमीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे वजनाने त्याच्या ५,००० पट. दोन्ही एकाच वेळी पोटात गेली की थायरॉक्सिनचा काही भाग कॅल्शियमला धरून बसतो, आतड्यातून रक्तात जातच नाही. २००० साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. थायरॉक्सिन घेणाऱ्या २० जणांना तीन महिने रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, थायरॉक्सिनच्याच वेळेला दिलं. टीएसएच म्हणजे रक्त तपासणीतला तो आकडा, जो थायरॉक्सिन कमी पडलं की वाढतो आणि जास्त झालं की उतरतो. त्यांचं सरासरी टीएसएच १.६ वरून २.७ वर गेलं, आणि पाचातल्या एकाचं तर नॉर्मलच्या बाहेर गेलं. कॅल्शियम थांबवल्यावर ते पुन्हा खाली आलं.

आता मी तुम्हाला एका बाईंची गोष्ट सांगते. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांचं नाव सांगत नाही, पण गोष्ट सांगायला त्यांची परवानगी आहे. उलट, “सांगच तू सगळ्यांना,” असा त्यांचा आग्रहच आहे.

या बाई अनेक वर्षं ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेत होत्या. त्या दुकानात आल्या की मी न विचारता ७५ची बाटली काढून ठेवायची. एकदा आल्या आणि चिठ्ठीवर १०० होतं. त्यात काही विशेष नाही, मात्रा कमी-जास्त होत असते. काही महिन्यांनी आल्या, चिठ्ठीवर १२५. आणि मात्रेच्या खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘नियमित घेणे’. त्याखाली दोन रेघा.

त्या दोन रेघा बाईंना फार लागल्या होत्या. चिठ्ठी काउंटरवर ठेवून, चष्मा वर सरकवून मला म्हणाल्या, “अगं, आयुष्यभर मी मुलांच्या वहीत अशा रेघा मारल्या. माझा एक दिवस चुकलेला नाही. एकसुद्धा नाही. आणि यांना वाटतंय मी गोळ्या घेतच नाही.”

मी त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवला. कारण बाईंची बाटली ज्या तारखेला संपायला हवी, त्याच तारखेला त्या येत. गोळ्या चुकवणारी माणसं अशी वेळेवर येत नाहीत. त्यांच्याकडे शिल्लक उरते. हे डॉक्टरांना त्यांच्या खुर्चीवरून दिसत नाही, आम्हाला दिसतं. म्हणून माझं मत आहे की मोठ्या आजाराच्या माणसाने औषध शक्यतो एकाच ठिकाणाहून घ्यावं. मग तुमची बाटली कधी संपते, हे लक्षात ठेवणारं कुणीतरी असतं.

तर मी त्यांना विचारलं, “बाई, घेता कशी, ते मला सगळं सांगा. उठल्यापासून.”

बाई म्हणाल्या, “सहाला उठते. डबी उघडते. त्या दिवसाचा कप्पा हातावर पालथा करते आणि पाण्याबरोबर घेते. मग तासभर काहीही खात-पीत नाही. चहासुद्धा नाही.”

मी म्हटलं, “कप्पा पालथा करता म्हणजे? कप्प्यात किती गोळ्या असतात?”

“सगळ्याच,” त्या म्हणाल्या. “थायरॉइडची, कॅल्शियमची आणि ती लाल, ताकदीची.”

ती लाल ताकदीची म्हणजे लोह असलेलं मल्टिव्हिटॅमिन.

त्यांच्या मुलाने त्यांना सात कप्प्यांची डबी पाठवली होती. प्रत्येक कप्प्यावर वाराचं नाव. रविवारी रात्री बाई टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसत आणि पुढच्या आठवड्याच्या गोळ्या भरत. त्याआधी कॅल्शियम त्या जेवणानंतर घेत, आणि ती लाल गोळी आठवली तर घेत. डबी आली आणि सगळं शिस्तीत बसलं. एकही गोळी राहून जाईना. मी विचारलं, डबी कधी आली? त्या आठवत राहिल्या आणि मग बोलता बोलता थांबल्या. डबी आली त्यानंतरच्या पहिल्याच तपासणीत टीएसएच वर गेलं होतं.

त्यांच्या फाइलमध्ये रिपोर्ट होते. डबीच्या आधीचं टीएसएच अडीचच्या आसपास. डबीनंतरचं नऊच्या वर. मात्रा १०० केल्यावर थोडं उतरलं, तरी सहाच्या पुढेच. म्हणून १२५. बाई जितक्या काटेकोरपणे तिन्ही गोळ्या एकत्र घेत होत्या, तितक्याच काटेकोरपणे कॅल्शियम आणि लोह मिळून थायरॉक्सिन अडवत होते. आणि डॉक्टरांना कॅल्शियमचा पत्ताच नव्हता, कारण ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. “ते काय औषध आहे का?” असं बाईंनीच मला विचारलं. हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकते! डॉक्टर विचारतात, आणखी काही औषधं चालू आहेत का, आणि माणूस मनापासून सांगतो, नाही. श्रोतेहो, डॉक्टरांकडे जाताना नुसती फाइल नेऊ नका, सगळ्या बाटल्या आणि डबे पिशवीत घालून न्या. चिठ्ठीशिवाय आणलेलेही न्या. तेच तर आधी न्या.

मी मात्रेला हात लावू शकत नाही, आणि लावूही नये. मी एका कागदावर डॉक्टरांना चार ओळी लिहिल्या, काय काय कधी घेतलं जातं ते, आणि बाईंना तो कागद घेऊन परत पाठवलं. डॉक्टरांनी कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर केलं, लाल गोळी रात्री. थायरॉइडची गोळी सकाळी एकटी. आणि सांगितलं की मात्रा आता जास्त होऊ शकते, तेव्हा सहा आठवड्यांनी टीएसएच करायचंच, आणि त्याआधी काही त्रास वाटला तर लगेच यायचं.

आता गोष्टीतला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो पुढे आहे. बाई महिनाभराने आल्या त्या थकलेल्या दिसत होत्या. काउंटरवर ठेवलेला हात किंचित थरथरत होता. म्हणाल्या, रात्री झोप मोडते, छातीत धडधडतं, आणि वजन उतरलंय. मी त्यांना औषध दिलं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगितलं. टीएसएच केलं तर जवळजवळ शून्यावर. कारण उघड होतं. १२५ची मात्रा ठरली होती ती अडलेल्या औषधावर. अडसर निघाला, आणि आता सबंध १२५ रक्तात जायला लागलं. त्यांच्या शरीराला लागत होतं ७५.

हे पुन्हा सांगते, कारण हे कानावरून निसटतं. गोळ्यांच्या वेळा बदलल्या की मात्रा तीच राहिली तरी रक्तात जाणारं औषध बदलतं. म्हणून वेळा बदलायच्या तर डॉक्टरांना सांगून बदला, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या. थायरॉक्सिन शरीरातून सावकाश कमी होतं, त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे चार-आठ दिवसांत तपासून खरं चित्र कळत नाही.

आणि यात हाडांचा संबंध काय? तोच तर मुद्दा आहे. थायरॉक्सिन जास्त झालं की हाडं झिजतात. १८९१ साली फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी थायरॉइड अतिवाढलेल्या एका तरुणीची हाडं तपासली, तेव्हा ती किड्यांनी खाल्ल्यासारखी दिसली होती. हाड हे जिवंत असतं, जुनं काढून नवं भरण्याचं काम त्यात सतत चालू असतं. एका फेरीला साधारण २०० दिवस लागतात. थायरॉक्सिन जास्त असलं की ती फेरी जवळपास निम्म्या वेळात उरकते, काढणं जोरात होतं, आणि प्रत्येक फेरीत भरायचं थोडं राहून जातं. पाळी बंद झालेल्या बायकांना याचा धोका सगळ्यात जास्त. म्हणजे बघा, हाडांसाठी घेतलेल्या कॅल्शियममुळे थायरॉइडची मात्रा वाढली, आणि ती वाढलेली मात्रा नंतर हाडांवरच आली असती. बाई वेळेत आल्या. डॉक्टरांनी मात्रा परत ७५वर आणली, टीएसएच जागेवर आलं, आणि सात कप्प्यांच्या डबीत आता फक्त थायरॉइडची गोळी असते. मला विचाराल तर या डब्या विकताना सकाळ, दुपार, रात्र असे वेगळे कप्पे असलेल्याच विकाव्यात. वारांची नावं छापून उपयोग काय, वार कुणीही सांगेल. वेळ महत्त्वाची.

माझा बराचसा वेळ बाईंनी घेतला, तेव्हा बाकीचं भरभर सांगते.

सांध्यांच्या कॅप्सूलबद्दल. त्यात बहुतेक ग्लुकोसामाइन आणि कोंड्रोइटिन असतं. त्यांचा थायरॉक्सिनशी कॅल्शियमसारखा झगडा नाही. पण उपयोगाचं म्हणाल, तर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांमध्ये, ही दोन्ही मिळूनसुद्धा एकंदरीत खोट्या गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरली नाहीत. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी ग्लुकोसामाइन डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. आणि एक लक्षात ठेवा, थायरॉइड कमी पडत असला तरी अंग आखडतं, सांधे आणि स्नायू दुखतात, हातांना मुंग्या येतात. अशा वेळी कॅप्सूल आणण्याआधी टीएसएच जागेवर आहे का, ते बघा. कित्येकांचं दुखणं योग्य मात्रेनेच हलकं होतं.

बायोटिन. केस, नखं, सांधे असा जो एकत्र डबा म्हटला, त्यात हे असतं. दिवसाला लागतं ३० मायक्रोग्रॅम, डब्यात ५,००० किंवा १०,००० असू शकतं. हे थायरॉइडला धक्का लावत नाही, पण रक्ताच्या काही तपासण्यांच्या पद्धतीच बिघडवतं. टीएसएच खोटं कमी येतं, टी-थ्री आणि टी-फोर, म्हणजे थायरॉइडची संप्रेरकं, खोटी जास्त. माणूस बरा असतो आणि रिपोर्ट सांगतो थायरॉइड अतिवाढलाय. अशा रिपोर्टवर कुणी तुमची मात्रा कमी केली तर? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. तपासणीच्या आधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, आणि घेत असाल तर रक्त देताना तसं सांगा. दोन दिवस. डब्याच्या मागचा मजकूर वाचा, तिथे बायोटिन लिहिलेलं असतं. त्या अक्षरांचा आकार बघून मला दरवेळी राग येतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचे डोळेही साठीचे असतात, हे छापणाऱ्यांना कळू नये?

त्याच मजकुरात समुद्री शेवाळ किंवा केल्प दिसलं तर डबा खाली ठेवा. त्यात आयोडीन असतं, कधी कधी भरमसाट. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. थायरॉइड आधीच आजारी असेल तर जादा आयोडीनने तो मंदावूही शकतो आणि भडकूही शकतो.

व्हिटॅमिन डी थायरॉक्सिनला अडवत नाही, पण बऱ्याचदा ते कॅल्शियमबरोबर एकाच गोळीत येतं, आणि मग त्या गोळीला चार तासांचाच नियम. आठवड्यातून एकदा घ्यायची मोठी मात्रा चुकून रोज घेऊ नका. रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडापर्यंत त्रास जातो.

शेवटी ज्यांचा थायरॉइड शस्त्रक्रियेने काढला आहे, त्यांच्यासाठी. थायरॉइडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्या दुखावल्या तर कॅल्शियमची गोळी हे तुमचं औषध असतं. आजचं बोलणं ऐकून ती गोळी कमी करू नका, एकही वेळ चुकवू नका. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या येत असतील, स्नायूत पेटके येत असतील, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. दिवसातून तीन-चार वेळा कॅल्शियम असेल तर चार तासांची जागा शोधणं अवघड जातं, हे मला माहीत आहे. अशा वेळी काही जणांना डॉक्टर थायरॉइडची गोळी रात्री, जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घ्यायला सांगतात. तुमच्यासाठी ते जमेल का, हे त्यांनाच विचारा, आणि विचारायला जाताना गोळ्यांची पिशवी बरोबर न्या.

नमस्कार.