पिवळ्या भुकटीचा वर्षभराचा हिशेब

(दृश्य: काचेच्या छोट्या बाटलीत पिवळी भुकटी)

दिसायला थेट हळद. नाव मात्र रुक्ष: कॉफ-९९९. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारी, अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात तयार झालेली ही भुकटी २०२४ साली जगासमोर आली. कॉफ म्हणजे कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन अशा हलक्या अणूंची पक्की विणलेली जाळी. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं. पण इतकी बारीक, की एका मिलिमीटरच्या रेघेत लाखभर तरी बसावीत.

ती विणणाऱ्या गटाचे प्रमुख ओमर याघी. अम्मानमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात जन्मलेले, २०२५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. नोबेल मात्र या भुकटीला नाही. धातू घालून विणलेल्या तिच्या चुलत भावंडांना मिळालं.

(दृश्य: उघडी खिडकी, हलणारा पडदा)

हवेच्या दहा हजार रेणूंमध्ये कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार. ते वेचायला जाळीच्या घरांत अमाइनच्या, म्हणजे नायट्रोजन असलेल्या रेणूंच्या, साखळ्या लावल्या आहेत. अमाइनला हा वायू चिकटतो, हे काही नवं नाही. कारखान्यांत अमाइनची द्रावणं कित्येक वर्षं तेच काम करताहेत. खरी पंचाईत पुढे आहे: तेच अमाइन पुन्हा वापरायचं, तर पकडलेला वायू सोडवायचा कसा? द्रावण तापवायचं, तर त्यातलं सगळं पाणीही शंभर अंशांच्या पुढे तापवावं लागतं. इंधन तिथेच जळतं. कॉफ-९९९ साठ अंशांवर वायू सोडते. गीझरमधल्या पाण्याची ऊब!

आणि ओल? पूर्वीच्या बऱ्याच कॉफ पाण्यात विरघळून, मोडून जायच्या. २०१२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने उकळतं पाणी आणि तीव्र आम्ल पचवणारी कॉफ करून दाखवली होती. बर्कलीची वीण निराळी, पण तीही चिवट. तिथली बाहेरची दमट हवा शंभरहून अधिक वेळा आतून फिरवली, तरी भुकटीची भूक तेवढीच. उलट ओलसर हवेत ती जास्तच वायू धरते.

(दृश्य: तराजूत भुकटी, मग पेट्रोल पंप)

दोनशे ग्रॅम भुकटी वर्षाला वीस किलो वायू पकडू शकते. एका मोठ्या झाडाएवढं काम, असं संशोधक सांगतात. ऐकायला छान वाटतं. पण एक लिटर पेट्रोल जळलं, की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे भुकटीची वर्षभराची मेहनत पावणेनऊ लिटरांत संपली.

बाइकची एक टाकी.