सही सगळ्यांची, अंदाज कुणाचा?

मित्रहो, पर्ल हार्बर म्हटलं की आपल्याला अमेरिकेच्या नौदल तळावर १९४१ मध्ये जपानने अचानक केलेला हल्ला आठवतो. युद्ध संपल्यावर अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त समितीने त्याची चौकशी केली, तेव्हा फार अस्वस्थ करणारं चित्र पुढे आलं. जपानच्या राजनैतिक तारांची सांकेतिक लिपी अमेरिकनांनी हल्ल्याच्या कितीतरी आधी उलगडलेली होती. काही माहिती लष्कराकडे होती, काही नौदलाकडे. पण ती सगळी एका टेबलावर मांडून ‘याचा अर्थ असा’ हे सांगण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती. १९४५ ते १९५० या काळात वॉशिंग्टनने ही जबाबदारी कुणावर तरी टाकण्याची जी धडपड केली, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे.

राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १ ऑक्टोबर १९४५ पासून ओएसएस ही गुप्तहेर संघटना बंद केली. जनरल डोनोव्हन यांनी युद्धकाळात उभारलेल्या या संघटनेचे संशोधक परराष्ट्र खात्याकडे गेले आणि हेर युद्ध खात्याकडे. चार महिने व्हायच्या आतच, २२ जानेवारी १९४६ रोजी, त्याच ट्रुमन यांना ‘केंद्रीय गुप्तवार्ता गट’ नेमावा लागला. कारण साधं होतं. वेगवेगळ्या खात्यांचे कागद त्यांच्यापुढे येत आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नसे. पण या गटाला ना स्वतःचा पैसा होता ना स्वतःची माणसं. हे सगळं निरनिराळ्या खात्यांकडून उसनं घ्यायचं आणि त्याच खात्यांमध्ये समन्वय साधायचा! रोजचा गोषवारा सुरू करायचा ठरला, तर परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनी हरकत घेतली: परदेशांची खबर राष्ट्राध्यक्षांना देणं हे आमच्या खात्याचं काम.

१९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने सीआयए, म्हणजे केंद्रीय गुप्तवार्ता संस्था, आली. माहितीची सांगड घालणं आणि तिचं मोल ठरवणं हे काम तिला कायद्याने दिलं, मात्र प्रत्येक खात्याची स्वतःची गुप्तवार्ता शाखाही कायम ठेवली. संचालक हिलेनकोटर हे रिअर ॲडमिरल होते. समोर बसणाऱ्या, सैन्यदलांच्या गुप्तवार्ता शाखा सांभाळणाऱ्या सेनानींना हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. लष्कराचे लिपीतज्ज्ञ सोव्हिएत हेरांचे संदेश उलगडत होते, ते तर सीआयएला अनेक वर्षं अधिकृतपणे सांगितलंच गेलं नाही.

मार्च १९४८ मध्ये जर्मनीतले अमेरिकी लष्करी प्रशासक जनरल क्ले यांची तार आली की युद्ध अकस्मात पेटू शकतं. चेकोस्लोव्हाकियात नुकतीच कम्युनिस्टांनी सत्ता घेतलेली, त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये घबराट उडाली. ही तार लष्कराच्या गुप्तवार्ता प्रमुखांच्या विनंतीवरून लिहिली गेली होती आणि काँग्रेसपुढे लष्कराची बाजू मांडायला ती हवी होती, हे बरंच नंतर बाहेर आलं. १६ मार्चला सीआयएने कळवलं की पुढच्या साठ दिवसांत सोव्हिएत संघ युद्ध करेल असा विश्वासार्ह पुरावा नाही. माझ्या मते त्या पाच वर्षांतलं या संस्थेचं हे सर्वांत मोलाचं काम. सगळे घाबरलेले असताना ‘पुरावा नाही’ असं लिहायला धैर्य लागतं.

आता १९४९. सोव्हिएत संघाने २९ ऑगस्टला पहिला अणुस्फोट केला. ३ सप्टेंबरला जपानहून अलास्काकडे निघालेल्या हवाई दलाच्या विमानाने हवेतले नमुने टिपले आणि त्यांत किरणोत्सार सापडला. शास्त्रज्ञांची तपासणी सुरू झाली. इकडे २० सप्टेंबरच्या तारखेचं सीआयएचं टिपण म्हणतं: सोव्हिएत बॉम्ब लवकरात लवकर १९५० च्या मध्यापर्यंत, बहुधा १९५३ च्या मध्यापर्यंत. तीनच दिवसांनी ट्रुमन यांनी स्फोट झाल्याचं जगाला जाहीर केलं. एकाच सरकारच्या एका दालनात स्फोटाची राख तपासली जात होती आणि दुसऱ्या दालनातून तो व्हायला अजून वेळ आहे असा कागद निघत होता. पर्ल हार्बरला आठ वर्षंही झाली नव्हती.

कोरियात युद्ध पेटल्यावर, ऑक्टोबर १९५० मध्ये जनरल वॉल्टर बेडेल स्मिथ संचालक झाले. ट्रुमन पॅसिफिकमधल्या वेक बेटावर कोरियातले सेनापती मॅकआर्थर यांना भेटायला निघणार होते, त्यांना पुढे काय होईल याचे अंदाज हवे होते. स्मिथ यांनी सगळ्या खात्यांच्या गुप्तवार्ता प्रमुखांना बोलावून कामाला बसवलं. १२ ऑक्टोबरला अंदाज तयार झाले आणि सर्व खात्यांनी त्यांना सहमती दिली. पाच वर्षं जे जमलं नव्हतं ते जमलं. त्यात लिहिलं होतं की चीन १९५० मध्ये कोरियात पूर्ण ताकदीनिशी उतरण्याची शक्यता नाही. आठवडाभरात चिनी फौजा चीन-कोरिया सीमेवरची यालू नदी ओलांडू लागल्या.

या प्रसंगापाशी मी नेहमी अडखळतो. माहिती एकत्र आली नाही तर काय होतं, हे १९४९ ने दाखवलं. आता ती एकत्र आली होती, प्रमुख एका टेबलाशी बसले होते, तरी सगळे मिळून चुकले. स्मिथ यांनी त्यानंतर हार्वर्डचे इतिहासकार विल्यम लँगर आणि येलचे शर्मन केंट यांना घेऊन राष्ट्रीय अंदाजांसाठी स्वतंत्र कार्यालय उभारलं. त्या काळच्या अंदाजांत मसुदा न पटलेल्या खात्याला आपला विरोध तळटिपेत, खात्याच्या नावासकट नोंदवता येई. हे जुने अंदाज आता खुले झाले आहेत. आपल्यापैकी कुणी वाचायला घेतलेत, तर माझी विनंती आहे की निष्कर्षाआधी तळटिपा वाचा.