चालकाविना गाडी आणि चालकाची भाकरी

मित्रहो,

आज इथे ट्रकमालक आहेत, रिक्षा-टॅक्सी चालवणारे आहेत, आणि मागे चालकांची शिकणारी मुलंही बसलेली दिसतात. पत्रिकेवर विषय छापलाय 'चालकविरहित वाहने'. मी गाडीबद्दल लागेल तेवढंच बोलणार आहे. चालकाबद्दल जास्त बोलायचंय, कारण गाडीची काळजी घ्यायला मोठमोठ्या कंपन्या आहेत.

ही गाडी आधी बंदरात आणि खाणीत आली, रस्त्यावर नंतर. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात १९९३ पासून कंटेनर वाहणाऱ्या गाड्या माणसाशिवाय फिरतायत. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात लोखंडाच्या खाणी आहेत. तिथे रिओ टिंटो कंपनीने २००८ मध्ये चालकाविना डंपर फिरवायला सुरुवात केली. आज त्यांच्यावर नजर ठेवणारी माणसं दीड हजार किलोमीटर लांब, पर्थ शहरात बसतात. तिथेच का आधी? कारण तिथे कुंपण आहे. परका माणूस आत येत नाही, रस्ता रोज तोच, समोरून येणारी गाडीही आपल्याच कंपनीची.

मग अमेरिकेत फिनिक्स शहराची उपनगरं निवडली गेली. रुंद सरळ रस्ते, ठळक पट्टे, पाऊस अगदी कमी. गूगलच्या प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या वेमो कंपनीने तिथे ऑक्टोबर २०२० मध्ये पुढची सीट पूर्ण रिकामी ठेवून सर्वसामान्य प्रवाशांना सेवा खुली केली. ऑगस्ट २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चोवीस तास भाडं घेऊन गाड्या चालवायची परवानगी मिळाली. एप्रिल २०२५ पर्यंत ही कंपनी आठवड्याला अडीच लाख फेऱ्या पैसे घेऊन मारत होती. तेव्हा हा प्रयोगशाळेतला खेळ आहे, ही समजूत आता सोडून द्या.

ट्रकचं पाऊल अजून अडखळतंय. टेक्ससमध्ये डॅलस ते ह्यूस्टन या मार्गावर ऑरोरा कंपनीने २०२५ च्या उन्हाळ्यात चालकाविना मालवाहतूक सुरू केली, आणि काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या आग्रहावरून पुढच्या सीटवर पुन्हा माणूस बसवावा लागला.

आता आपल्याकडे. कसारा घाट उतरणारा चालक काय काय वाचत असतो? समोरच्याने डिपर दिला तो 'थांब' म्हणून की 'ये' म्हणून; मागचा हॉर्न साइड मागतोय की नुसताच वाजतोय; उलट्या दिशेने येणारा दुचाकीवाला कुठल्या बाजूने निसटेल; पावसात पुसलेला पट्टा कुठून जात असेल. यंत्राला कॅमेरा आहे, रडार आहे, लेसरने अंतर मोजणारं उपकरण आहे. त्याला वस्तू दिसतात. समोरच्याच्या मनात काय आहे, हे ओळखणं त्याला अजून अवघड जातं. म्हणून पुष्कळ चालक मला सांगतात, 'साहेब, आपल्या रस्त्यावर हे चालायचं नाही, आपल्या हयातीत तरी.'

मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो. यंत्राला कसारा घाट यावाच लागतो, असं कोण म्हणालं? मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटर. ठरावीक ठिकाणीच महामार्गावर येता-जाता येतं, दोन्ही बाजूंना कुंपण, दुचाकी आणि रिक्षांना बंदी. इगतपुरी ते कसाऱ्याचा अवघड भाग जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून पार होतो. महाराष्ट्रात चालकाविना ट्रक कधी आलाच, तर तो आधी तुमच्या गावच्या रस्त्यावर येणार नाही. तो नागपूरजवळच्या एखाद्या गोदामातून निघेल आणि भिवंडीच्या अलीकडे थांबेल. तिथून पुढे, गल्ल्यांत, नाक्यांवर, गोदामाच्या दारात गाडी मागे घ्यायला माणूस लागेल.

अमेरिकेत नेमका हाच आराखडा पुढे आला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह व्हिसेली अभ्यासासाठी स्वतः लांब पल्ल्याचा ट्रक चालवून आले. २०१८ च्या अहवालात त्यांनी मांडलं, की अमेरिकेत सगळ्याच ट्रकचालकांवर गदा येणार नाही. धोका आहे तो लांब पल्ल्याच्या सुमारे २ लाख ९४ हजार नोकऱ्यांना. त्यांतल्या बऱ्याच नोकऱ्या बऱ्या पगाराच्या. शहरातली, बंदराच्या आसपासची कमी पैशांची कामं उरतील, कदाचित वाढतीलही. मला भीती आहे ती याचीच. चालक एका सकाळी घरी बसेल असं नाही. त्याच्या कामातला पैसा देणारा तुकडा यंत्र नेईल आणि उरलेला तुकडा त्याच्याकडे राहील.

हा उरलेला तुकडा कसला, ते मालकांनी जरा शांतपणे ऐकावं. माल भरताना उभं राहणं. ताडपत्री ओढून दोर आवळणं. बिल्टी, ई-वे बिल ही मालाची कागदपत्रं सांभाळणं. न्हावा शेवा बंदराच्या रांगेत नंबर लागेपर्यंत केबिनमध्ये बसून राहणं. गाडी खाली करताना वराईवरून, म्हणजे माल उतरवण्याच्या हमालीवरून, होणारी हुज्जत झेलणं. रात्री डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून अर्ध्या झोपेत राहणं. क्लीनर परवडत नाही म्हणून ही सगळी कामं आता एकट्याची. यांतल्या कशाचे पैसे मिळतात? भाडं किलोमीटरवर आणि टनावर ठरतं, चालकाचा भत्ता ट्रिपवर. अमेरिकेतही लांब पल्ल्याच्या चालकाला मैलावर पैसे मिळतात, गोदामाच्या दारात वाट पाहणं बहुतेक फुकट जातं. चाक फिरतं तेवढ्याच वेळेचे पैसे, हा हिशेब आपण इतकी वर्षं चालवून घेतला. उद्या चाक यंत्र फिरवू लागलं, तर या हिशेबाने चालकाच्या वाट्याला शून्य येतं.

सुरक्षेचा मुद्दा टाळून मी पुढे जाणार नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. यंत्र दारू पीत नाही, मोबाइल बघत नाही, त्याला डुलकी लागत नाही. यंत्रामुळे ही संख्या खरोखर कमी होणार असेल, तर नुसतं 'नको' म्हणायचा नैतिक अधिकार आपल्याला नाही. पण डुलकी कुणाची, हेही विचारा. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. त्या जुन्या कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम लिहिलं होतं. तो पाळला असता तर चालकाच्या डोळ्यांवर पहाटे झापड का आली असती? झोप न देणारं वेळापत्रक चालकाने ठरवलेलं नसतं.

आणि जबाबदारी? मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवलं. ती गेली. गाडी यंत्र चालवत होतं; सीटवर लक्ष ठेवायला एक चालक होती. सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी गुन्हा ठेवला नाही. खटला त्या चालकावर झाला, आणि २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केल्यावर तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तपासात तिचं लक्ष मोबाइलवर असल्याचं दिसलं, हे खरंच. पण तासन्‌तास हात बांधून बसायचं आणि ऐन क्षणी सेकंदात सावरायचं, हे काम माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे, हे ती गाडी रस्त्यावर आणणाऱ्यांना ठाऊक असायला हवं होतं.

जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ट्रकचालकांनी चक्का जाम का केला होता, ते आठवा. न्याय संहितेत अपघातानंतर न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतची कैद लिहिली होती. थांबलं तर जमाव मारतो, पळालं तर दहा वर्षं, अशी चालकांची कैफियत होती. सरकारला ते कलम लागू करणं थांबवावं लागलं. उद्या अर्धं काम यंत्राचं झालं, तर त्या यंत्राच्या चुकीसाठीही सीटवरच्याच माणसाला पकडू नका, हे कायद्यात आधी लिहून घेतलं पाहिजे.

नितीन गडकरी यांनी २०१७ पासून वारंवार सांगितलंय, की भारतात चालकाविना गाड्यांना परवानगी देणार नाही, कारण त्याने चालकांच्या नोकऱ्या जातील. मला ही भूमिका मनापासून आवडते; नोकरी हा परिवहन मंत्र्याचा प्रश्न आहे, असं म्हणणारे मंत्री जगात थोडे. पण त्यांनीच असंही सांगितलंय, की देशात २२ लाख चालकांचा तुटवडा आहे. तुटवडा का आहे? इथे बसलेल्या चालकांना मी विचारतो, तुमच्यापैकी किती जण मुलाला स्टिअरिंगवर बसवू इच्छिता? … हात फारसे वर आलेले नाहीत. माणसं देशात आहेत. या पगारात, या तासांत, पोलिसाच्या या भाषेत काम करायला तयार असलेली माणसं कमी आहेत. नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडावं लागलं. आणि बंदी उठवण्यासाठी उद्या हाच तुटवडा पुढे केला जाईल: 'माणूस मिळत नाही, मग यंत्र आणू द्या.' बंदी एका सहीने येते, एका सहीने जाते. तिच्या भरवशावर वीस वर्षांचा संसार मांडता येत नाही.

मग काय करता येतं? पॅरिस मेट्रोची पहिली लाइन २०१२ च्या अखेरीस पूर्णपणे चालकाविना झाली, गाड्या सुरू असतानाच. संघटनांशी आधी बोलणी झाली, चालकांना कामावरून काढलं नाही, काही जण त्याच लाइनवर पर्यवेक्षक झाले, बाकीचे दुसऱ्या लाइनवर गेले. पण ते एका सार्वजनिक संस्थेचे कायम नोकर होते, म्हणून हे सोपं गेलं.

आपल्या जास्त कामाचं उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांचं आहे. १९६० मध्ये यंत्रं आणि कंटेनर येणार हे दिसत असताना हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेने मालकांशी करार केला: यंत्रं आणा, आम्ही आडवे येणार नाही, पण वाचणाऱ्या पैशात आमचा हिस्सा द्या. साडेपाच वर्षांत २ कोटी ९० लाख डॉलर मालकांनी निधीत घातले. त्यातून लवकर निवृत्त होणाऱ्यांना रक्कम मिळाली, उरलेल्यांना किमान कमाईची हमी. त्यात एक मोठी खोट होती, ती लपवायला नको. ज्यांचं नाव पक्क्या यादीत होतं त्यांनाच हे मिळालं. दुसऱ्या यादीतले हंगामी कामगार तसेच राहिले.

यादीचं महत्त्व महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. १९६९ चा माथाडी कायदा याच मातीतला आहे, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. हमालाला एक मालक नसतो. आज या पेढीवर, उद्या त्या. म्हणून कायद्याने मंडळ उभं केलं. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, मालकाकडून. त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. ट्रकचालकाची अवस्था तीच आहे. आज या मालकाकडे, दिवाळीनंतर त्या. रिक्षा-टॅक्सीवाल्यांसाठी राज्याने कल्याणकारी मंडळ केलं, ते चांगलं झालं. ॲपवरच्या चालकांसाठी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत असं लिहिलंय. मालवाहतुकीच्या चालकाला मात्र माथाडीसारखं मंडळ हवं, आणि यंत्र यायच्या आधी हवं. चालकाविना गाडीला परवाना द्यायची वेळ आलीच, तर प्रत्येक किलोमीटरमागे त्या मंडळात पैसे भरण्याची अट परवान्यातच असावी. मोजायला अडचण नाही. ती गाडी प्रत्येक मीटरची नोंद स्वतःच ठेवते.

मालकांपैकी एकाने चिठ्ठी पाठवलीय: 'आम्हीच हप्ते भरून थकलोय, ही लेव्ही कुठून द्यायची?' प्रश्न रास्त आहे. एक-दोन गाड्यांचा मालक यंत्राचा ट्रक घेऊच शकणार नाही. तो मोठ्या कंपन्या घेतील आणि भाडं पाडतील. त्या दिवशी छोटा मालक आणि चालक एकाच बाजूला असतील. म्हणून लेव्ही यंत्राच्या गाडीवर मागतोय मी, तुमच्या सध्याच्या गाडीवर नाही.

दुसरी चिठ्ठी एका मुलाची आहे: 'मी हेवी लायसन्स काढू की नको?' काढ बाबा. काम आहे आणि बरीच वर्षं राहील. फक्त जिथे लागशील तिथे पहिल्या महिन्यात नेमणुकीचं पत्र आणि पीएफचा नंबर माग. आणि एक वही ठेव. कुठल्या गोदामावर किती वाजता पोचलास, गाडी किती वाजता खाली झाली, तारखेसकट लिहीत जा. तुझ्या बरोबरीच्या चालकांनाही लिहायला सांग. मंडळासाठी मागणी घेऊन आपण मंत्रालयात जाऊ तेव्हा समोरचा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारणार आहे, की हा न मोजलेला वेळ किती, आणि त्याचं उत्तर आज कुणाकडेही लिहिलेलं नाही.