मऊ रंगाची काळी गाडी

[दृश्य : इंदूर, एबी रोड. सकाळची वर्दळ. कॅमेरा एका काळ्या गाडीच्या मागे.]

इंदूरमध्ये काळी गाडी घेणारा माणूस हौशीच म्हणायचा. स्वच्छतेत शहराचा नंबर वर्षानुवर्षं पहिला लागतो, पण माळव्याच्या धुळीला त्याचं सोयरसुतक नाही. रात्री पुसून ठेवलेल्या बॉनेटवर सकाळी बोट फिरवा, रेघ उमटते. मग डिकीतलं फडकं बाहेर येतं आणि कोरडंच सपासप फिरतं. धूळ जाते. जाताना काय करून जाते, ते उन्हात दिसतं.

[दृश्य : बॉनेटवर टॉर्चचा झोत. झोताभोवती बारीक ओरखड्यांचं गोल जाळं.]

हे जाळं गोल दिसतं म्हणून फडकं गोल फिरलं असेल असं नाही. ओरखडे वाटेल त्या दिशेला गेलेले असतात. प्रकाशाला आडवे पडलेले तेवढे चमकतात, आणि त्यांचीच वर्तुळं होतात. टॉर्च सरकवली की जाळंही सरकतं.

राजेंद्रनगरच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून थोडं आत, एक लहानसं गॅरेज आहे. दोन गाड्या उभ्या केल्या की तिसरीला जागा नाही. चालवणारे काका मराठी, हाताखालची पोरं त्यांना ‘भिया’ म्हणतात. आज समोर उभी आहे लोकमान्यनगरातल्या एका ताईंची काळी सेडान.

“काका, दसऱ्याच्या आधी रबिंग करून द्या ना. नव्यासारखी दिसली पाहिजे.”

“ताई, हिला रबिंग नाही चालणार. हिचा रंग मऊ आहे.”

रबिंग म्हणजे जाड पेस्ट लावून मशीनने घासणं. आणि मऊ म्हणजे काय, ते आधी पाहू. आजच्या गाडीचा रंग एक थर नसतो. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन. म्हणजे मिलिमीटरचा साधारण दहावा ते आठवा हिस्सा. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. चमक त्याची, ओरखडे त्यातले, आणि उन्हाचा मारा सोसणारी द्रव्यंही त्यातच. पॉलिश करणं म्हणजे या थराचा वरचा भाग घासून सपाट करणं. ओरखडा भरत नाही; त्याच्या आजूबाजूची जमीन खाली आणावी लागते. म्हणून पॉलिश आयुष्यात कितीही वेळा करता येत नाही, हे बहुतेक गॅरेजं गिऱ्हाइकाला आपणहून सांगत नाहीत.

क्लिअर कोट शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच. कोणाचा कडक, कोणाचा मऊ. जर्मन गाड्या कडक, जपानी गाड्यांचे काळे रंग मऊ, असं पॉलिशवाले जगभर म्हणतात. टोयोटाचा २०२ नंबरचा काळा तर या धंद्यात बदनामच आहे. पण हा काही नियम नव्हे. त्याच गाडीचा एखादा दरवाजा नंतर रंगवलेला असला, तर दरवाजाचा स्वभाव वेगळा आणि छताचा वेगळा.

[दृश्य : जाडी मोजायचं यंत्र. छत – १०८. मागचा दरवाजा – २३५.]

हा दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. ताईंना ठाऊक नव्हतं. गाडी त्यांनी वापरलेली घेतली होती. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजला जातो. बाहेरच्या वर्कशॉपमध्ये तेवढी उष्णता देता येत नाही, कारण गाडीत वायरी असतात, प्लास्टिक असतं, गाद्या असतात. तिथे रंग घट्ट करणारा हार्डनर घालून ६० अंशांच्या आसपास सुकवतात. काम नीट केलं तर तोही रंग उत्तम होतो. पण हार्डनर कमी पडला, थिनर चुकीचा लागला, की वरून सुकलेला रंग आतून कच्चाच राहतो.

[दृश्य : मशीन सुरू. पॅड दरवाजावर. आवाज जड होतो.]

आवाज ऐका. हा चिकट रंगाचा आवाज.

घासल्याने उष्णता तयार होते. ठरावीक तापमानापुढे क्लिअर कोट वितळत नाही, पण रबरासारखा होतो. मग पॅड घसरायचं सोडून धरायला लागतं. घासून निघालेला रंग आणि पॉलिश एकत्र येऊन खोडरबराच्या चुऱ्यासारख्या त्याच्या वळ्या होतात. काही पॅडला चिकटतात, काही पुन्हा रंगालाच. त्या पॅडखाली सापडल्या की शेपटीसारखे वळणदार ओरखडे पडतात. म्हणजे जाळं काढायला गेलो आणि नवं विणून बसलो.

इथे बहुतेक कारागिरांचा हात एकाच दिशेला जातो : आणखी जोर, आणखी स्पीड, आणखी कंपाउंड (घासायची पेस्ट). जुन्या रबिंगचं शिक्षणच तसं. एका जागी गोल फिरणारं रोटरी मशीन, लोकरीचं पॅड, जाड पेस्ट. कडक रंगावर ते खपून जातं. मऊ रंगावर संध्याकाळी चमक दिसते आणि दुसऱ्या दिवशी उन्हात बॉनेटवर धुरकट पट्टे हलताना दिसतात. त्यांना ‘होलोग्राम’ म्हणतात. नाव छान आहे, प्रकार वाईट.

काकांचं मशीन वेगळं. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय केंद्रापासून थोडं बाजूला झुलतं, त्यामुळे एकच जागा तापत नाही. पॅड बसवायच्या प्लेटवर काकांनी मार्करने एक काळी रेघ मारून ठेवली आहे.

[दृश्य : प्लेटवरची रेघ, अगदी जवळून.]

प्लेट फिरत असेल तर रेघ पुसट होऊन वर्तुळ दिसतं. चिकट रंगाने पॅड धरलं की मशीन नुसतं थरथरतं, आणि रेघ स्पष्ट दिसायला लागते. रेघ दिसली की काका जोर वाढवत नाहीत. मशीन उचलतात.

पॅड पाहतात. एअर गनचा एक झपाटा, वर नरम ब्रश, आणि पॅड पुन्हा मोकळं. तरी जड वाटलं तर सरळ दुसरं. एका दरवाजाला चार-पाच पॅडं लागली तर त्यात नवल नाही. मुलांना कंटाळा येतो. त्यांना वाटतं काम थांबलंय. माझ्या मते मऊ रंगाचं निम्मं काम हेच आहे, पॅड साफ ठेवणं. उरलेलं निम्मं म्हणजे रंग थंड ठेवणं.

पॉलिश चार थेंब, मुगाएवढे. जास्त घातलं की गाळ जास्त. स्पीडची चकती सहावरून तीन-चारवर. मायक्रोफायबरचं पॅड नको, मऊ फोम. एका वेळी दीड बाय दीड फुटाचाच तुकडा. मशीनचं वजन पुरेसं, वरून हात फक्त दिशा द्यायला. दोन फेऱ्या झाल्या की तळहात पत्र्यावर ठेवून बघायचं. कोमट लागला तर तिथे थांबून दुसऱ्या बाजूला जायचं. मे महिन्यात दुपारी काका हे काम घेतच नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या उन्हात काळं बॉनेट मशीन लागायच्या आधीच तापलेलं असतं.

[दृश्य : पुसण्याचं काम. दाट लवेचं फडकं, स्प्रे.]

पुसताना घाई करणारा माणूस सगळं घालवतो. गरम रंगावरचा गाळ ओढला जातो, पसरतो. दोन मिनिटं थांबलं की तोच गाळ सुटून येतो. पॉलिशमधल्या तेलाने ओरखडे नुसते झाकले आहेत की खरंच गेले आहेत, हे कळायला पाणी मिसळलेलं अल्कोहोल मारून पुसतात. तेही बेताने, कारण विरघळवणारं सॉल्व्हंट दमदार असलं की मऊ रंगाला फुगवतं. आणि फडकं खरखरीत असेल तर आपण पहिल्या फ्रेममध्ये परत आलो.

[दृश्य : दरवाजाचा अर्धा भाग टेपने झाकलेला. टेप निघते. एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला आरसा.]

खोल गेलेले दोन-तीन ओरखडे अजून दिसतात. काका ते तसेच सोडतात. त्यांच्या मागे लागायचं तर आणखी कितीतरी थर काढावा लागेल, आणि तो परत येत नाही. ताईंना ते पटायला वेळ लागतो. पैसे दिले म्हणजे सगळंच जायला हवं, असं गिऱ्हाइकाला वाटणारच.

उरला पुढचा बंपर. नुकताच रंगवलेला. प्लास्टिकचा, म्हणून जाडी मोजायचं यंत्र त्यावर चालत नाही. पण इथे यंत्राची गरजच नाही. काका खालच्या, न दिसणाऱ्या कडेला नख दाबतात, आणि खूण उमटते. जवळ गेलं तर थिनरचा वासही येतो.

“याला आज मशीन नाही लागणार. महिना-दीड महिन्याने आणा. तोवर वॅक्स नको, सिरॅमिक कोटिंग तर मुळीच नको. आतलं सॉल्व्हंट बाहेर निघू द्या.”

“आणि दसऱ्याला स्वस्तिक? आई दर वर्षी बॉनेटवर काढते.”

“काचेवर काढायला सांगा, ताई. बॉनेटवरच हवं असेल तर कुंकू ओलं कालवून, बोट न घासता. आणि दुसऱ्या दिवशी खरवडू नका. पाणी सोडायचं, भिजू द्यायचं, मग आपोआप निघतं.”