आता सोडून काय उपयोग?

नमस्कार श्रोतेहो.

"इतकी वर्षं सिगारेट ओढली, आता सोडून काय उपयोग?" हे वाक्य तुम्हीही कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल. कदाचित स्वतःच म्हटलं असेल. आज मला या वाक्याबद्दलच बोलायचंय, कारण ते खरं मानून माणसं जिवाला मुकतात.

रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१ साली हजारो डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद ठेवायला सुरुवात केली. डॉल स्वतः सिगारेट ओढायचे. आधीच्या अभ्यासातले आपलेच आकडे पाहून त्यांनी ती सोडली होती. ही नोंद पुढे पन्नास वर्षं चालली. ओढतच राहिलेल्यांच्या तुलनेत तिशीत सोडणाऱ्यांना सुमारे १० वर्षांचं आयुष्य जास्त मिळालं, चाळिशीत सोडणाऱ्यांना ९, पन्नाशीत ६. आणि साठीत सोडणाऱ्यांनाही ३ वर्षं!

असं का होतं? आपल्या श्वासनलिकेला आतून केसांहूनही बारीक तंतू असतात. धूळ, कफ वर ढकलत राहणं हे त्यांचं काम. धुराने ते लुळे पडतात आणि विषारी द्रव्यं आतच साचतात, पेशींमधल्या डीएनएवर, म्हणजे पेशीने कसं वागायचं याच्या सूचनांवर, घाव घालत राहतात. अशाच घावांतून कर्करोग सुरू होऊ शकतो. धूर थांबला की तंतू पुन्हा हलू लागतात. म्हणून सुरुवातीला काहींचा खोकला उलट वाढतो. घाबरून पुन्हा पेटवू नका, आत झाडलोट सुरू झालीय. खोकल्यातून रक्त पडलं किंवा तो तीन आठवडे हटलाच नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. दहाएक वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर येतो. तंबाखू चघळणाऱ्यांनी सुटलो असं समजू नये, तिथे घाव तोंडात होतात.

दारूचंही तेच. शरीरात तिचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं, आणि तेही डीएनएलाच इजा करतं. जितकी कमी, तितकं बरं. वाढलेलं वजन किमान तेरा प्रकारच्या कर्करोगांशी जोडलं गेलंय, तेव्हा रोज अर्धा तास तरी झपझप चाला. गर्भाशयमुखाच्या आणि यकृताच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या लसी आहेत. मुलांच्या लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून विचारा.

एक मात्र मनापासून सांगते. सगळं सांभाळूनही कर्करोग होतो. पेशी विभागताना चुका आपसूकही घडतात. त्यामुळे आजारी माणसाला "तुझंच काहीतरी चुकलं असेल" असं कधी म्हणू नका.

आता ज्यांचा हात जेवण झाल्याझाल्या खिशाकडे जातो, त्यांच्यासाठी. तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्या, उठून चार पावलं चाला, कुणाला तरी फोन लावा. नाहीच निभावलं, तर डॉक्टरांशी बोला; तलफ कमी करायला त्वचेवर लावायच्या निकोटिनच्या पट्ट्या मिळतात, औषधं आहेत. आणि मागे सोडून पुन्हा लागली असेल, तर पुन्हा सोडा. पहिल्याच खेपेला सुटलेली माणसं फार थोडी.