सोल्डरच्या रिळावर काय वाचायचं

मंडळी, सोल्डर, म्हणजे सर्किटचे सांधे जोडणारी वितळणारी धातूची तार, पॅडवर (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर) पसरत नाही, थेंब गोळा होऊन बिटालाच (सोल्डरिंग आयर्नच्या तापत्या टोकाला) चिकटून येतो, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. दोष ते आपल्या हाताला देतात. पुष्कळदा तो तारेत असतो, म्हणून आज फक्त तारेबद्दल बोलू.

रिळावर 63/37 किंवा 60/40 छापलेलं असतं. पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा. 63/37 हे 183 अंश सेल्सिअसला एकदम वितळतं आणि तिथेच एकदम गोठतं. 60/40 मात्र 183 ते साधारण 190 अंशांच्या दरम्यान धड पातळ नाही, धड घट्ट नाही, असं चिखलासारखं राहतं. नेमका तेव्हा रेझिस्टरचा पाय हलला, की सांधा कळकट आणि दाणेदार दिसतो, आत बारीक भेगा राहतात. यालाच आपण ड्राय सोल्डर म्हणतो. सात अंश किरकोळ वाटतील, पण हातात धरलेल्या वायरीला थरथरायला तेवढा वेळ पुरतो. शिकणाऱ्याने 63/37 च घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. 50/50 तर घेऊच नका, ते पूर्ण पातळ व्हायला 210 अंशांच्या पुढे जावं लागतं.

शिसंविरहित तारेत 96.5 टक्के कथील, 3 टक्के चांदी आणि 0.5 टक्का तांबं हे मिश्रण चांगलं. ते 217 ते 220 अंशांना वितळतं. चांदी नसलेलं कथील-तांब्याचं मिश्रण 227 ला. शिशाच्या तारेला बिट 320 ते 350 अंशांवर ठेवतो, इथे 350 ते 380 लागतं आणि बिटही लवकर झिजतं. याचा सांधा मुळातच मंद दिसतो, तेव्हा चमक नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा तापवू नका, पॅड उखडेल. घरात लहान मुलं असतील तर हीच तार वापरा. शिशाची वापरलीत तर काम संपल्यावर साबणाने हात धुवा. धूर शिशाचा नसतो, तारेच्या पोटातल्या फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर पसरायला मदत करणाऱ्या पदार्थाचा असतो, पण तोही छातीला त्रास देतो. खिडकी उघडी हवी.

आता फ्लक्स. तारेच्या पोटात राळेचा फ्लक्स हवा. तो तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो, म्हणून सोल्डर पसरतं. नळजोडणीसाठी मिळणारा आम्लाचा फ्लक्स पीसीबीवर (सर्किटच्या छापील बोर्डावर) कधीही लावू नका. मागे राहिलेलं झिंक क्लोराइड ओल धरतं आणि बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघा, म्हणजे ट्रॅक, खाऊन टाकतं.

जाडी: साध्या भोकांच्या बोर्डाला 0.8 मिमी, बारीक एसएमडीला (भोकाशिवाय बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या भागांना) 0.5, जाड वायरींना 1 किंवा जास्त. बारीक कामाला जाड तार घेतली की शेजारच्या दोन पिना जुळल्याच म्हणून समजा.

बिस्मथचं 138 अंशांना वितळणारं सोल्डरही मिळतं. शिशाच्या जुन्या सांध्यावर ते लावू नका. बिस्मथ, कथील आणि शिसं हे तिन्ही धातू मिसळले की त्यातला काही भाग 96 अंशांच्या आसपासच वितळू लागतो आणि तापणाऱ्या भागाजवळचा सांधा चालू सर्किटमध्ये सुटू शकतो.

नवं रीळ आणलंत की तांब्याची जाड तार घासून स्वच्छ करा, ती खालून बिटाने तापवा आणि सोल्डर वरून टेकवा. बारीक धूर निघून ते तारेभोवती पातळ पसरलं, कडा तांब्यात विरल्यासारखी दिसली, तर रीळ ठीक. धूरच नाही आणि मण्यासारखा गोळा होतोय, तर पोटात फ्लक्स नाही. ते रीळ बोर्डावर आणू नका.